सामानाचा मालक

बुटांच्या तळाला चिकटलेली माती शिवलीला दात घासायच्या ब्रशनं काढत बसली, तेव्हा शेजारच्या बायका दारात उभ्या राहून हसल्या होत्या. "अगं, ऑस्ट्रेलियाला माती न्हाय का काय?" एकीनं विचारलं होतं. शिवलीलाही हसली होती. त्या देशाचा नियमच तसा होता. बाहेरच्या मातीचा कण आत येऊ द्यायचा नाही. म्हणून तिनं नवऱ्याचे बूट, लेकीच्या सायकलची चाकं, अगदी छत्रीचं टोकसुद्धा घासून काढलं.

तिचा नवरा नंदीश पाच महिन्यांपूर्वी मेलबर्नला गेला होता. त्याआधी चार वर्षं तो पुण्यात नोकरीला होता. शनिवारी रात्री सोलापूरला यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. शिवलीला जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या घरात मुलीला घेऊन राहायची आणि घरीच ब्लाउज शिवायची. परदेशी गेल्यावर त्यानं फोनवर सांगितलं, "सामान आधी पाठवून दे. कंपनी खर्च देतीय. घराची नोटीस देऊन टाक. तुमचा दोघींचा व्हिसा मागनं होतोयच."

नवऱ्याचा शब्द आला आणि ती कामाला लागली. परदेशी सामान पोचवणाऱ्या पुण्याच्या एका एजन्सीतल्या वैजयंती मॅडमनी नियमांची यादी धाडली होती. बी-बियाणं चालत नाही, शिंदीची केरसुणी चालत नाही, कीड लागलेलं लाकूड चालत नाही. वस्तू वापरातली हवी आणि ज्याची त्याचीच हवी. प्रत्येक खोक्यावर आकडा टाकायचा आणि आत काय आहे ते लिहायचं. शिवलीलानं रात्ररात्र बसून तेवीस खोक्यांची यादी स्वतःच्या हातानं लिहिली. पहिल्या आठ खोक्यांत नंदीशची पुस्तकं, कपडे, त्याचा तबला. नवव्यापासून पुढं तिच्या साड्या, शिलाई मशीन, भांडी, रुद्राणीचे फ्रॉक आणि खेळणी. सासू केराबाई वळसंग गावाहून दोन दिवस मदतीला आली होती. पितळेची भांडी कागदात गुंडाळताना ती फारशी बोललीच नाही. लेकाची आठवण येत असेल, असं शिवलीलाला वाटलं.

फेब्रुवारीत ट्रक सामान घेऊन गेला. घरात दोन गाद्या, गॅस आणि चार भांडी उरली. परीक्षा होताच शिवलीलानं रुद्राणीचा शाळेचा दाखला काढला. पोरीनं वर्गभर सांगून ठेवलं होतं की आता ती विमानानं जाऊन तिकडच्या शाळेत बसणार आहे.

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, वैजयंती मॅडमचा फोन आला.

"ताई, सामान मेलबर्नला पोचलंय. पण कस्टमनं अडवलंय."

"माती निघाली का कुटं?" शिवलीलानं विचारलं.

"नाही हो, माती कणभर नाही. उलट इतकं स्वच्छ सामान आम्ही पाहिलं नाही." मॅडम म्हणाल्या. "फॉर्म आणि यादी यांचा मेळ बसेना. तुमच्या साहेबांनी तिथं लिहून दिलंय की सगळं सामान माझ्या एकट्याचं, कुटुंबातलं दुसरं कुणी येणार नाही. आणि तुमच्या यादीत साड्या आहेत, लहान मुलीचे कपडे आहेत."

"घाईत चुकून लिहिलं असंल की."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर आलंय." मॅडमचा आवाज एकदम सरकारी झाला. "नऊ ते तेवीस नंबरची खोकी माझी नाहीत, ती तिथंच नष्ट करावीत, असं त्यांनी कळवलंय. पण पाठवणार म्हणून सही तुमची आहे. त्यामुळं तुमचं संमतिपत्र लागतंय. आठ दिवसांत."

शिवलीलानं फोन ठेवला आणि नंदीशला लावला. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला.

"अहो, त्या खोक्यांचं काय झालंय?"

"कस्टमचा नियम आहे तो," नंदीश म्हणाला. पाठ केल्यासारखा बोलला. "जो माणूस येणार नाही, त्याचं सामान लिहिता येत नाही."

"कोण येणार न्हाय?"

पलीकडं कुठंतरी भांड्याचा आवाज झाला आणि एका बाईनं त्याला नुसत्या नावानं हाक मारली, जेवण वाढल्यावर घरातलं माणूस मारतं तशी.

"हळूहळू सांगणार होतो मी," तो म्हणाला. "रुद्राणीचं मी बघतो. तू वळसंगला आईकडं जा." आणि फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी पोरीला शेजारी ठेवून शिवलीला वळसंगला गेली. आईचं तरी तो ऐकेल, एवढी एकच आशा तिच्या पदरात होती. केराबाई पडवीत तूर निवडत बसली होती. सुनेनं सगळं सांगितलं, तरी म्हातारीनं सुपातनं मान वर केली नाही.

"आत्याबाई, तुमी काय तरी बोला की त्यांला."

"काय बोलू?" केराबाई म्हणाली. "पुण्यातलीच हाय ती. त्याच्या हापिसातली. दोन वर्सं झाली मला कळून."

"आन् तुमी माझी भांडी बांधू लागलासा?"

"मला वाटलं, तू जाऊन थडकलीस की येईल ताळ्यावर. सामान पोचलं की बाईपण पोचती, असं वाटलं गं." म्हातारीच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं. "पोटच्या पोराचं तोंडानं कसं सांगू?"

शिवलीलानं पाणीसुद्धा घेतलं नाही. रस्त्यावर येऊन मिळेल त्या जीपमध्ये बसली. अक्कलकोट रोडची ती दुपार, जीपमधली माणसं, कानडीत चाललेल्या त्यांच्या गप्पा, तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. एवढंच डोक्यात फिरत होतं की दर सोमवारी पहाटे ती त्याच्या आवडीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुण्याला बांधून देत होती, आणि ती चटणी तिथं दोन ताटांत पडत होती.

घरी येऊन तिनं वैजयंती मॅडमना फोन केला. "माझं सामान मला परत मिळंल का?"

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? जहाजाचं भाडं तुम्हाला भरावं लागेल. ते जमवलंत तरी मुंबईच्या बंदरावर पुन्हा कस्टम आहे. परदेशातनं परत आलेल्या माणसाचा पासपोर्ट मागतात, त्याच्या नावावर सामान सुटतं. तुम्ही तर गेलाच नाहीत. आणि साहेब परत येणार नाहीत."

"म्हंजे तितंबी ते माझं न्हाय, आन् हितंबी न्हाय."

"नियमानं बघितलं तर तसंच आहे, ताई," मॅडम म्हणाल्या.

शिवलीलानं सहा दिवस काहीच केलं नाही. सातव्या दिवशी ती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि संमतिपत्र छापून घेतलं. इंग्रजीतली ओळ दुकानदारानं वाचून सांगितली: या वस्तूंवर माझा कोणताही हक्क नाही. खाली पंधरा खोक्यांची तिचीच यादी जोडलेली होती. सही करायच्या आधी तिनं ती पुन्हा वाचली. बाराव्या खोक्यासमोर तिनं लिहिलं होतं, 'लग्नातला शालू, एकदाच नेसलेला'. वस्तू वापरलेली हवी, म्हणून मुद्दाम लिहिलेलं. तिनं सही केली. दुकानदारानं कागद स्कॅन करून पाठवला आणि म्हणाला, "गेलं बघा, वहिनी."

त्याच आठवड्यात रुद्राणीला पुन्हा घ्या म्हणायला ती शाळेत जाऊन आली. तुकडी भरली होती. जूनमध्ये बघू, असं क्लार्क म्हणाला. रुद्राणीला तिनं सांगितलं की व्हिसाला उशीर होतोय. पोरगी आठ वर्षांची होती, तिनं आईच्या तोंडाकडं नुसतं पाहिलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. शिवलीलाला तेच जास्त लागलं.

घराची नोटीस दिलेलीच होती; मेच्या अखेरीला घरमालक नवीन भाडेकरू घेऊन आला. कोवळं जोडपं होतं. नवरा टेप घेऊन भिंती मोजत होता, कपाट कुठं बसेल ते बघत होता. बायको रिकाम्या स्वयंपाकघरात शिवलीलापाशी आली.

"ऑस्ट्रेलियाला चाललाय म्हणं तुमी? सामानबी पोचलं म्हणं. नशीब लागतं, ताई."

"व्हय," शिवलीला म्हणाली.

"पाणी कवा येतं हितं?"

"चार दिवसाआड. पहाटं." शिवलीला तिला मोरीत घेऊन गेली आणि व्हॉल्व्ह दाखवला. "हा घट्ट हाय. डावीकडं फिरवायचा, जोर लावून. उशीर केला तर वरच्या मजल्याचे सगळं वढून घेतात. त्या पहाटं उठायला जमलं न्हाय, तर चार दिवस काय बी न्हाय."

त्या पोरीनं दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवून बघितला. फिरेना. मग शिवलीलानं तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि जोर लावला.