शांतीचा हात

वीदने बापाच्या द्राक्षवेली उपटल्या, त्याला तीन वर्षं झाली. श्टेफने त्या लग्नाच्या साली लावल्या होत्या. मुलाने न विचारता तिथे बदामासारख्या कवचाच्या हेझलची झाडं लावली. "आजपासून मला मुलगा नाही," श्टेफ म्हणाला, आणि शब्दाला जागला. घर एकच होतं. बाप खाली, मुलगा वर, मधल्या जिन्यावर अबोला.

चर्चमधलं बाक मात्र वाटून घेता येत नाही. पुरुषांच्या बाजूचं पाचवं बाक त्यांच्या घराण्याचं. रविवारी दहाच्या उपासनेला, मिस्सेला, बाप कडेला बसे, मुलगा त्याला लागून. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' दोघे एका सुरात म्हणत. तेवढ्यापुरते ते दोघे एकाच बापाची लेकरं. मग फादर म्हणत, "एकमेकांना शांती द्या," आणि श्टेफ हात पुढे करी.

"शांती असो."

"शांती असो, बाबा."

आठवड्याचं बोलणं एवढंच. मागच्या बाकावरचा यूरा म्हणे, "तुमची भाषणं ऐकून कान किटले रे माझे."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वीदला आणखी काही बोलायचं होतं, बापाकडे आशीर्वाद मागायचा होता. मंगळवारी तो सीमेपलीकडे ग्राझला निघणार होता, लाकडाच्या कारखान्यात, दोन वर्षांसाठी.

"खाली जा, दार वाजव, सांग," त्याची बायको यागा म्हणाली. "मिस्सेत कसले निरोप देतोस?"

"घरी ते ऐकून घेत नाहीत. तिथं हात हातात असतो, उठून जाता येत नाही."

"आणि आशीर्वाद नाही दिला तर?"

"तर तसाच जाईन." पण शर्टाची बटणं त्याने दोनदा चुकीची लावली.

गावचे फादर आजारी होते. पलीकडच्या खोऱ्यातून बदली फादर आले होते, आणि त्यांना साडेअकराला तिसऱ्या गावात मिस्सा होती. प्रवचन तीन मिनिटांत उरकलं. "यांनाच कायम ठेवा," यूरा पुटपुटला. 'स्वर्गातील पित्या' म्हणून झालं. वीदने श्वास घेतला, वाक्य जिभेवर आणलं.

फादरनी सरळ भाकर मोडायला घेतली. शांतीचं बोलावणं गाळलं. तसं गाळायची त्यांना मुभा असते. वर ऑर्गन सुरू झाला, बायकांनी 'देवाच्या कोकरा' हे गाणं उचललं.

वीद समोर पाहत राहिला. पुढच्या रविवारी तो या बाकावर नसणार होता. पेरायला घेतलेलं बी मुठीतच राहावं, तसं ते वाक्य त्याच्या तोंडात राहिलं.

आणि त्याच्या पोटासमोर एक हात आला. भेगाळलेला, नखांत माती. सवयीने आला असेल, त्याला वाटलं. घोडा नाही का आपल्या दाराशी आपोआप थांबत. आता मागे जाईल. तो गेला नाही.

"बाबा, आज फादरनी सांगितलं नाही."

"मला कान आहेत." श्टेफ वेदीकडेच पाहत होता. "धर. अवघडतो हात."

वीदने हात धरला.

"मंगळवारी ग्राझला चाललोय. दोन वर्षं."

"माहीत आहे. ऑक्टोबरातच गाडीला हिवाळी टायर चढवलेस. पलीकडे जाणाऱ्याशिवाय इथं एवढ्या लवकर कोण चढवतो?"

"आशीर्वाद द्या."

गाणं संपत आलं. "तिथं मिस्सेला जाशील?"

"तिथं माझं कोण आहे? कोणाशेजारी बसू?"

"मी काय सगळं नीट होतं म्हणून येत होतो? तुझ्याशी भांडण, वेलींपायी देवाशीही भांडण. तीन वर्षं त्याच्याशी एक धड शब्द बोललो नाही. तरी त्याने मला या बाकावरून उठवलं नाही." त्याने वेदीकडे मान हलवली. "बाप असा असतो म्हणे. मला काही जमलं नाही."

लोकांनी गुडघे टेकले. ते दोघेच उभे.

"बसा की," मागून यूरा म्हणाला. "फादर दिसत नाहीत."

श्टेफने हात सोडवून घेतला, अंगठ्याने मुलाच्या कपाळावर क्रूस काढला, घाईघाईने, आणि गुडघे टेकले. टेकताना त्याने वीदच्या खांद्याचा आधार घेतला, आणि मिस्सा संपेपर्यंत हात तिथून काढला नाही.