आम्ही घरी शिकवू

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला भित्रं असून चालत नाही. हा तर बावीस मजल्यांच्या अंधाऱ्या पोकळीत, लिफ्टच्या टपावर उभा राहून शीळ घालणारा गडी. पण एका सोमवारी जेवताना त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने दप्तरातून एक कागद काढून ताटाशेजारी ठेवला, आणि त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

मुलीला घरात ‘चौकशी’ म्हणत. बोलायला लागल्यापासून तिचं क्वचितच एखादं वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपलं असेल.

कागद शाळेचा होता. सहावीच्या मुलांना वाढत्या वयात शरीर कसं बदलतं, मूल कसं होतं, हे पुढच्या महिन्यापासून शिकवायचं ठरलं होतं. खाली दोन चौकटी होत्या. ‘शाळेने शिकवावं’ आणि ‘आम्ही घरी शिकवू’. पालकांनी एकीत खूण करून सही करायची.

“असल्या गोष्टी शाळेत?” तो ताडकन म्हणाला. “फळ्यावर? चाळीस पोरांसमोर?” आणि त्याने दुसऱ्या चौकटीत अशी झोकात खूण केली, की कागद फाटायचाच राहिला.

बायको बेकरीत केक सजवायची. नखांत अडकलेला गुलाबी रंग काढत तिने शांतपणे विचारलं, “घरी कोण शिकवणार?”

“आपण.”

“आपण म्हणजे?”

“म्हणजे... तू. आई आहेस तू.”

“खूण कोणी केली?”

“मी.”

“मग झालं तर!” असं म्हणून ती ताटं उचलून गेलीसुद्धा.

“बाबा, कधी शिकवणार?” चौकशीने विचारलं. “रेघांची वही घेऊ की कोरी? आकृत्या असतील का?”

सबंध आठवडा तो टाळाटाळ करत राहिला. घरी येऊन आधी मोजे धुवायला घ्यायचा, मग नळ घट्ट करायचा, मग बंद न पडलेला पंखा खोलून बसायचा. शेवटी रविवारी सकाळी तो मुलीला घेऊन फिरायला निघाला. चालता चालता बोललं की तोंडाकडे बघावं लागत नाही, हा त्याचा हिशेब.

“हे बघ,” तो घसा साफ करून म्हणाला, “कुठलीही गोष्ट एकट्याने होत नाही. लिफ्टचंच घे. लिफ्ट वर जाते, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं. ते खाली येतं. दोघं मिळून काम करतात.”

“म्हणजे आई आणि बाबा?”

“हां! अगदी बरोबर.” त्याला कोण आनंद झाला. आणि तिथून जी त्याची गाडी सुटली, ती मोटर, ब्रेक, दरवाज्याचा सेन्सर करत करत थेट तेलपाण्याच्या वेळापत्रकावर जाऊन थांबली. चौकशी प्रामाणिकपणे लिहून घेत होती.

घरी आल्यावर तिने आईला वही वाचून दाखवली. “मूल होण्यासाठी आठ माणसांपेक्षा जास्त वजन नको. दर तीन महिन्यांनी तपासणी हवी. मधेच अडकलं तर घाबरून न जाता लाल बटण दाबावं.”

बायको हसता हसता ओट्याला धरून खालीच बसली. तो मात्र अंघोळीला गेला आणि पाऊण तास बाहेर आला नाही.

गुरुवारी मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं. ‘घरी शिकवू’वर खूण करणाऱ्या अकरा पालकांचं कौतुक करून त्यांनी पुढे लिहिलं होतं, की काय शिकवणार ते आधी स्वतःला येतंय ना, एवढं पाहण्यासाठी शनिवारी त्या अकरा जणांचा एक तास घेतला जाईल. येताना वही-पेन आणावं.

शनिवारी तो सहावीच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला. शेजारी अग्निशमन दलातला एक धिप्पाड जवान होता. दोघांची जुनी ओळख. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं तो बाहेर काढायचा आणि मग लिफ्ट हा दुरुस्त करायचा. जवानाचा मुलगा चौकशीच्याच वर्गात होता.

“तुझं कुठवर आलंय?” जवानाने कुजबुजत विचारलं.

“ब्रेकपर्यंत. तुझं?”

“मी मुलाला म्हटलं, मोठा झालास की कळेल. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला कळलं का?”

तेवढ्यात शिकवायला बाई आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, काठी टेकत. त्यांना पाहताच अर्धा वर्ग आक्रसला. गावातल्या निम्म्या लोकांची बाळंतपणं केलेली सुईण होती ती!

तिने चष्मा पुसला आणि एकेकाला न्याहाळलं. “तुमच्यातल्या सहा जणांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुमच्या अंगावर चिंधीसुद्धा नव्हती. आणि तू रे,” तिने काठी जवानाकडे रोखली, “तू तर रडायलाच तयार नव्हतास. उलटा धरून दोन चापट्या मारल्या तेव्हा कुठे तोंड उघडलंस. तेव्हा आता लाजायचं नाटक नको. म्हणा माझ्यामागून, गर्भाशय!”

अकरा मोठी माणसं बाकाच्या फळीकडे बघत काहीतरी पुटपुटली.

“ऐकू आलं नाही!”

“गर्भाशय,” वर्ग म्हणाला. मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं.

“आता फळ्यावर काढून दाखव,” सुईण जवानाला म्हणाली. “मधे पिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या. सोपं आहे.”

जवान खडू घेऊन फळ्यापाशी गेला. जन्मभर आगीत शिरलेला माणूस, पण पहिली रेघ त्याने तीनदा पुसली. त्याने एक पिशवी काढली. मग दोन नळ्या काढल्या. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, दोन्ही नळ्यांच्या टोकांना त्याने पितळी तोट्या काढल्या आणि बाजूला आगीचा बंबही काढला.

लिफ्टवाल्याने आधी ओठ दाबले. मग नाक दाबलं. मग वहीत डोकं खुपसलं. पण आतून हसू असं उसळलं की बाकच गदगदा हलायला लागला. जवानाने वळून पाहिलं आणि तोही फुटला.

“बाहेर!” सुईणीने दाराकडे काठी केली. “दोघंही!”

बाहेर व्हरांड्यात दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू होई. अशात समोरून ग्रंथालयाची पुस्तकं छातीशी धरून चौकशी आली.

“बाबा? तुला वर्गाबाहेर काढलं?”

“हो.”

“का?”

“हसलो म्हणून.”

“कशाला हसलास?”

उत्तर टाळायला जवळ ना मोजे होते, ना पंखा. तो म्हणाला, “गर्भाशयाला.”

शब्द तोंडातून गेला. छत कोसळलं नाही. घंटासुद्धा वाजली नाही.

“म्हणजे काय?”

“आईच्या पोटात एक पिशवी असते. तिच्यात बाळ वाढतं. तुझ्याही पोटात आहे. आता लहान आहे.”

“त्यात हसण्यासारखं काय?”

त्याने खूप विचार केला. “काहीच नाही गं,” तो म्हणाला. आणि त्या ‘काहीच नाही’चंच तिघांना असं हसू लोटलं, की जवान भिंतीवरून घसरत खाली बसला आणि वरची तीन पुस्तकं त्याच्या डोक्यावर पडली.

आत परत घेतलं तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा फिरत होता. नाव न लिहिता प्रश्न विचारायचे होते. सुईण एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होती आणि वर्ग खिदळत होता. आईने कॉफी प्यायली तर बाळ काळं होतं का? बाळाला पोटात शिंक येते का? मग एक चिठ्ठी आली. मुलगा होणार की मुलगी, हे आईवरच असतं ना?

“नाही,” सुईण म्हणाली. “ते बापाकडून येणाऱ्या पेशीवर ठरतं. आणि त्यात त्याचीही काही करामत नसते.”

खिडकीजवळच्या एका बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. तिला तीन मुली होत्या. “आमच्या घरी पंधरा वर्षं मला बोलणी बसतायत,” ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

“म्हणून मी या वयात जिने चढते,” सुईण म्हणाली. “पहिल्यांदा पाळी आली की पोरी माझ्याकडे धावत यायच्या. आपण आता मरणार असं वाटायचं त्यांना. कोणी सांगितलेलंच नसायचं.”

लिफ्टवाल्याला एकदम लहानपणची अडगळीची खोली आठवली. त्याची ताई बारा वर्षांची असताना एक दिवस सकाळपासून अडगळीच्या खोलीत गाद्यांमागे जाऊन बसली होती. दुपारी तिने त्याला आत बोलावलं आणि आपली रंगपेटी त्याच्या हातात ठेवली. “तुला घे. मला आता नको,” म्हणाली. तो तेव्हा दहा वर्षांचा. टुणटुण उड्या मारत पेटी घेऊन पळाला होता. संध्याकाळी आईने ताईला आत नेऊन काहीतरी सांगितलं आणि रात्री ताईने पेटी परत मागितली. तेव्हा तो केवढा भांडला होता! एवढ्या वर्षांत त्याला हे कधी सुचलंच नव्हतं, की त्या दुपारी ताई, आपण मरणार असं समजून, आपल्या वस्तू वाटून टाकत होती.

“बाई,” तो उठून उभा राहिला. पायांत बाक अडकला होता, तो बाकासकट उठला. “माझी खूण बदलायची आहे. शाळेतही शिकवा.”

“आणि घरी?”

“घरी मीच. पण मला येत नाही. मी परत बसू का या तासाला?”

“बस की. पण पुढच्या बाकावर. आणि त्या बंबवाल्यापासून लांब.”

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिघं बसले. त्याने वही उघडली आणि खऱ्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. कान लाल झाले, पण आवाज ठीक होता. दोनदा चुकला, बायकोने दुरुस्त केलं. एकदा बायकोचाच शब्द अडला, तेव्हा तिने केकवर क्रीम काढायची पिशवी घेऊन ताटलीत सगळी आकृती काढून दाखवली आणि चौकशीने ती नंतर चाटून खाल्ली. पाळी आली तर काय करायचं, कपाटात काय कुठे ठेवलंय, नकोसा हात कोणी लावला तर कसं ओरडायचं आणि कोणाला सांगायचं, हेही झालं. चौकशीने एकंदर त्रेचाळीस प्रश्न विचारले. त्यांतल्या नवांची उत्तरं दोघांनाही येत नव्हती. ती यादी सोमवारी शाळेत गेली.

झोपायच्या आधी त्याने ताईला फोन लावला. “ती रंगपेटी...” त्याने सुरुवात केली.

“कुठली रे?”

“अडगळीच्या खोलीतली.”

ताई पलीकडे खळखळून हसायला लागली. “मूर्खा, तू मागे वळूनसुद्धा बघितलं नव्हतंस!”

पुढच्या बुधवारी तो एका मोठ्या कार्यालयाच्या इमारतीत लिफ्टची चाचणी घेत होता. लिफ्टमध्ये सात माणसं दाटीवाटीने उभी होती. खिशात फोन वाजला. जवान होता, आवाज दबका.

“मी मोरीत दार लावून बसलोय. पोरगा बाहेर आहे. तो विचारतोय, जुळी कशी होतात? लवकर सांग!”

लिफ्टवाल्याने आजूबाजूला पाहिलं. टायवाले, फाईलवाले, पर्सवाल्या. पूर्वी त्याने फोन बंद केला असता. आता त्याने घसा साफ केला.

“नीट ऐक. बीजांड म्हणजे आईची पेशी. दर महिन्याला बहुधा एकच तयार होतं. कधी दोन होतात आणि दोन्हींना बापाकडची एकेक शुक्रपेशी मिळते, तेव्हा दोन वेगवेगळी बाळं. कधी एकच असतं, पण फळल्यावर त्याचे दोन भाग होतात, तेव्हा अगदी सारखी. कळलं?”

“थांब, लिहून घेतो. इथे कागद नाहीये. साबणावर लिहितो.”

लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. कोणी उतरलं नाही. दार बंद झालं. कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या मिशांच्या साहेबांनी खाकरून चष्मा वर सारला.

“ते सारख्या बाळांचं जरा पुन्हा सांगता का?” ते म्हणाले. “आम्ही दोघं भाऊ जुळे आहोत. एकाहत्तर वर्षं झाली, कोणाला विचारायचं धाडसच झालं नाही.”