झाकणावर कुत्रा उरलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, नव्वदीच्या पुढचा. आणि मी वैतागलेला आहे.

आपली गोष्ट जन्मापासून सांगावी, अशी रीत आहे. पण डब्याचे तसे नसते. डब्यात जे वर असते तेच आधी हाती लागते, आणि माझ्यात सर्वांत वर स्क्रू आहेत. स्क्रू, वाकडे खिळे, एक बिजागरी, मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा निळा खडू आणि कुलूप हरवलेली एक किल्ली. हे सारे मर्टी कॉन्सिडीनने भरले. त्याखाली एक पुठ्ठा आहे. पुठ्ठ्याखाली जे आहे ते छत्तीस वर्षे कोणी पाहिले नाही. ते पाहिले असते, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता.

बरे, जन्मापासूनच सांगतो. डब्लिनच्या कारखान्यात माझ्या झाकणावर एक चित्र छापले गेले : छत्रीवाली बाई, तळे, दोन बदके आणि एक कुत्रा. १९१२ च्या नाताळात क्लेअर परगण्यातल्या एका दुकानदाराने, वर्षभर माल नेणाऱ्या घराला द्यायची भेट म्हणून, मला लिसरॉन गावात कॉन्सिडीनांकडे धाडले. मुलांनी बिस्किटे दोन दिवसांत संपवली. आईने, म्हणजे कॅथरीन कॉन्सिडीनने, मला पुसून बशांच्या कपाटावर ठेवले आणि म्हणाली, "याला कोणी हात लावायचा नाही. याच्यात ब्रिडीची पत्रं राहतील."

ब्रिडी तिची मोठी मुलगी. वय सतरा. पुढच्या एप्रिलमध्ये ती अमेरिकेला निघाली. आदल्या संध्याकाळी सारे गाव जमले, नाचले, गायले आणि मेलेल्या माणसासाठी रडावे तसे रडले. जाणारा परत येत नसे, म्हणून आमच्याकडे त्याचे सुतक तो जिवंत असतानाच उरकून घेत. मग पत्रे येऊ लागली, सेंट पॉल नावाच्या थंड शहरातून. ती वर्षे माझ्या मानाची होती. पत्र आले की शेजारीपाजारी गोळा होत, मला खाली काढले जाई आणि झाकणावरची बाई कौतुकाने पुसली जाई. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. धाकटी मुलगी नोनी मोठ्याने वाचायची, आई उत्तर सांगायची आणि नोनी ते लिहायची. खाली लिहायची, 'तुझी प्रेमळ आई, कॅथरीन.'

हे ध्यानात ठेवा. आईचे पत्र म्हणून ब्रिडीला जे मिळाले त्याचे अक्षर पहिल्या दिवसापासून नोनीचे होते.

पुढचे थोडक्यात. आई गेली, मुलींचा भाऊ गेला, १९६८ मध्ये नोनीही गेली, आणि घर भावाच्या मुलाकडे, मर्टीकडे आले. मर्टीने लग्न केले नाही. नोनीची पत्रे त्याने वाचली नाहीत, कारण दुसऱ्याची पत्रे आपण वाचत नाही. जाळलीही नाहीत, कारण नोनीचे काही जाळत नाहीत. त्याने वर पुठ्ठा टाकला आणि स्क्रू भरले. चुलीच्या वाफेने माझ्यावरची बाई गंजली. मग तळे गेले, बदके गेली. आता फक्त कुत्रा आहे.

आणि परवा दुपारी लोइस आली.

लोइस चोपन्न वर्षांची, निवृत्त शिक्षिका, ब्रिडीच्या मुलीची मुलगी. सेंट पॉलहून आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघणार होती. तिला शेजारच्या टीझी लिलिसने आणले. टीझीचे वय मर्टीएवढेच, तोंड मात्र चौघींचे. लोइसच्या पिशवीत कागदच कागद होते. ती पाच दिवस दफनभूमीत गुडघ्यांवर बसून दगड वाचत होती.

मर्टीने सकाळीच टेबल घासले होते. दुकानातून केक आणला होता. मित्रांनो, हा माणूस स्वतःसाठी केक आणत नाही. एकोणऐंशी वर्षांचा आहे, मागे कोणी नाही, आणि आपले कोणीतरी समुद्रापलीकडून येते आहे म्हणून तो दाढी करताना शीळ घालत होता. मी ऐकले आहे.

पण ती आल्यावर तो काय बोलला? पावसाविषयी बोलला. मग टीझीच्या गुडघ्याविषयी, गवत कापण्याविषयी आणि पुन्हा पावसाविषयी. आमच्याकडे मुद्द्यावर थेट येणे असभ्य समजतात. शेवटी लोइसनेच कागद पसरले.

"कॉन्सिडीनसाहेब, तुमची आजी कॅथरीन कधी वारली?"

"एकोणीस साली. दगडावर आहे."

लोइसचा चेहरा उतरला. "मग ती माझी पणजी नव्हे. माझ्या आजीकडे तिच्या आईची पत्रं एकतीस सालापर्यंत आहेत. फेब्रुवारीत ती गेल्याचं पत्रही आहे."

"बारा वर्षं आधी मेलेली बाई पत्रं कशी लिहील," मर्टी म्हणाला. झाले. विषय संपला.

"वरच्या वाटेवरच्या कॉन्सिडीनांकडेही कॅथरीन होती," टीझी म्हणाली. "त्यांचीही एक ब्रिडी अमेरिकेला गेली. इथे पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायचं, दुसरं सुचतंय कुणाला? माझ्या वर्गात पाच कॅथरीन होत्या. बाई हाक मारायच्या तर अर्धा वर्ग उठायचा."

"त्यांच्या घरी आता कोण असतं?"

"चिमण्या असतात. छप्पर नाही गं त्याला."

मी कपाटावर. टेबलापासून चार हातांवर. उत्तर माझ्या पोटात, आणि ही माणसे चहा ओतत होती. लोइस कागद गोळा करू लागली. मर्टीने केककडे पाहिले, पण तो कापला नाही. नात्यातल्या नसलेल्या पाहुण्यालाही केक देता येतो हे त्याला कळते. पण त्याचे मनच उडाले होते. आणि "थांबा, नोनीची पत्रं बघू" एवढे चार शब्द त्या माणसाच्या तोंडून निघेनात.

मला वाचवले ते एका स्क्रूने. ज्या स्क्रूंना मी इतकी वर्षे शिव्या दिल्या त्यांच्याच जातीच्या एकाने.

लोइसने डोळे पुसायला चष्मा काढला आणि त्याची काडी निखळून खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू फरशीच्या फटीत गेला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"राहू द्या कसं? रस्ता दिसायला नको?" मर्टी म्हणाला आणि त्याने मला खाली काढले. झाकण हलेना. त्याने सुरीने ते उचकटले, मला वर्तमानपत्रावर पालथे केले आणि बुडावर थाप मारली. खिळे पडले, बिजागरी पडली, पुठ्ठा पडला. मग पत्रे. सेंट पॉलचे शिक्के असलेली, ब्रिडीच्या अक्षरातली, एकोणसाठ पत्रे.

लोइस बिनचष्म्याचीच खाली वाकली. "हे माझ्या आजीचं अक्षर आहे."

सर्वांत शेवटी, तळाला चिकटून राहिलेले एक पाकीट निघाले. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेले, टपालात न टाकलेले. मर्टीने ते हातात फिरवले.

"नोनीचं आहे. दुसऱ्याचं पत्र..."

"अरे मर्टी," टीझी म्हणाली, "जिने लिहिलं ती मेली, जिला लिहिलं ती मेली. आता ते पत्र कुणाचं राहिलंय, कुत्र्याचं? उघड."

त्याने उघडले आणि हात लांब धरून वाचले.

*डिसेंबर १९१९. प्रिय ब्रिडी, आई गेली. सतरा नोव्हेंबरला, दूध काढायच्या वेळी. ती म्हणाली, ब्रिडीला एवढ्यात कळवू नका, ती तिकडे एकटी आहे. तिचं लग्न होऊ दे, मग कळवा.*

खाली दुसऱ्या शाईत : *१९२२. लग्न झालं. आता हे टाकायला हवं. पण तिने आईचा आशीर्वाद मागितला आहे. तो लिहून पाठवला.*

मग पेन्सिलीने : *१९२४. मुलगी झाली. कॅथरीन नाव ठेवलं म्हणते. आता कसं टाकू?*

आणि अगदी खाली, कोपऱ्यात : *फेब्रुवारी १९३१. आज आईला दुसऱ्यांदा मारलं. देवा, मला माफ कर.*

"चोवीसची कॅथरीन म्हणजे माझी आई," लोइस म्हणाली.

मर्टीने नाक शिंकरले. "अकरा वर्षं फसवलं तिने बिचारीला."

लोइस पिशवीत काहीतरी शोधत होती. तिने ब्रिडीचे प्रार्थनेचे पुस्तक काढले. पानापानांत मृतांसाठी चर्चमध्ये प्रार्थना करवून घेतल्याची कार्डे होती, दर वर्षाचे एक. "ही 'कॅथरीनच्या आत्म्यासाठी' आहेत. मला वाटायचं, आजीच्या सासूसाठी. तीही कॅथरीनच. पण... सासू तर बावीस सालच्या लग्नाच्या फोटोत आहे. चांगली ठणठणीत. कॉन्सिडीनसाहेब, पहिलं कार्ड कधीचं आहे बघा. मला दिसत नाहीये."

मर्टीने कार्ड खिडकीकडे धरले. "जानेवारी एकोणीसशे वीस."

"म्हणजे आजीला माहीत होतं."

"गावातलं कुणीतरी गेलं असणार त्या सुमाराच्या बोटीने," टीझी हळूच म्हणाली. "आपल्याकडची बातमी टपालाची वाट बघत नाही."

"माहीत होतं, आणि तरी अकरा वर्षं 'प्रिय आई' म्हणून लिहीत राहिली?"

"नोनीला बरं वाटावं म्हणून," मर्टी म्हणाला.

बघा. दोघी बहिणी, मध्ये समुद्र, आणि दोघी एकमेकींना सांभाळायला एकमेकींशी खोटे बोलत राहिल्या. अर्धे खोटे माझ्यात होते, अर्धे त्या पुस्तकात. ऐंशी वर्षे मी स्वतःला शहाणा समजत होतो, आणि मलाही निम्मेच ठाऊक होते. वैताग येणार नाही तर काय?

मर्टीने केक कापला. तुकडे जाड केले.

"म्हणजे तुम्ही माझ्या आईचे मामेभाऊ, कॉन्सिडीनसाहेब," लोइस म्हणाली.

"मग ते साहेब-बिहेब बंद कर."

"मामा म्हणू?"

त्याने केकचा चुरा बोटाने गोळा केला. "चहा थंड होतोय," तो म्हणाला. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

मग त्याने तिच्या चष्म्याला स्क्रू बसवला. तो माझ्यातलाच होता आणि थोडा मोठा होता.

लोइसने पत्रांची नक्कल मागवली आहे, आणि मर्टीने तिच्यासाठी पाहुण्यांची खोली झाडायला काढली आहे, ती जूनमध्ये पुन्हा येणार असली आणि त्याला बराच वेळ असला तरी. पत्रे आता माझ्यात वर आहेत. स्क्रू बरणीत गेले.

तेव्हा मित्रांनो, घरातला एखादा जुना डबा फेकण्याआधी, किंवा त्यात खिळे भरण्याआधी, एकदा त्याच्या तळाशी हात घाला. सांगू शकणारी माणसे चुलीपाशी बसलेली असतात तोवरच विचारा, पाऊस कितीही पडत असला तरी. आणि फोटोच्या मागे नावे लिहा. पेन्सिलीने लिहा, पण लिहा.

कारण पत्रांबरोबर एक फोटोही पडला होता. दगडी कुंपणापाशी उभ्या पाच मुली, उन्हात डोळे बारीक केलेल्या. मागची बाजू कोरी. लोइसने विचारले, "मामा, यातली ब्रिडी कोणती?" मर्टीने नकारार्थी मान हलवली. टीझीनेही.

मला ठाऊक आहे. मला बोट नाही.