स्रेतेनचा शिक्का

ते दिवे रादोयकानंच आणले होते. मिलिसाव्हला, तिच्या नवऱ्याला, संध्याकाळचं अंधुक दिसू लागलं होतं आणि चष्म्याचं नाव काढलं की तो फुरंगटून बसायचा. मग इवान्यित्साच्या बाजारात मिरचीची रोपं घेता घेता तिनं गाडीसाठी निळसर पांढऱ्या एलईडी बल्बांची जोडीही उचलली. जुने पिवळट बल्ब लोणच्याच्या बरण्यांमागे गेले. "आता उंदराची मिशीसुद्धा दिसेल," असं तिनं आळीभर सांगितलं.

मे महिन्यात गाडीची वार्षिक तपासणी आली. गावात सगळे त्या सकाळी जुने बल्ब लावतात आणि दुपारी परत नवे. रादोयकानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तपासणीला स्रेतेनच तर होता! बाप्तिस्म्याला तिनं त्याला हातांवर धरलेलं. ती त्याची कुमा, म्हणजे धर्ममाता, आणि कुमाचा शब्द आमच्याकडे आईच्याही वरचा.

स्रेतेननं दिव्यासमोर पडद्याची पेटी सरकवली. उजेडाची सरळ रेघ यायला हवी, तो वर फाकला होता.

"कुमा, हे चालत नाही. हे बल्ब या दिव्यासाठी बनलेलेच नाहीत. उजेड रस्त्यावर कमी, समोरच्याच्या डोळ्यांत जास्त."

"समोरच्यानं डोळे मिटावेत."

"थट्टा नको, कुमा. नियम आहे. जुने घेऊन या, मीच बसवून देतो."

मागे रांगेतले चौघे कान टवकारून होते. रादोयकाचा आवाज चढला. "ओलं पोर होतास, या हातांवर रडत होतास, आणि आता मला नियम शिकवतोस? मार शिक्का! नाहीतर संत निकोलाच्या सणाला माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

स्रेतेनचे कान लाल झाले. त्यानं शिक्का मारला.

नवव्या दिवशी, दिवेलागणीला, मिलिसाव्ह गाडी घेऊन येत असता, पुलाच्या वळणावर समोरून ओब्रेन पोस्टमन सायकलवर आला. त्याला नुसतं पांढरं दिसलं, आणि तो कठड्यावरून थेट ओढ्यात. जीव वाचला, पण उजवा खांदा कामातून गेला.

दुसऱ्या सकाळी पोलीस अंगणात आला. रादोयकानं दिलेली कॉफी त्यानं तशीच ठेवली आणि कागद उलगडला. "शिक्का ताजा दिसतोय. बल्ब नंतर घातलेत का?"

नंतर घातले म्हटलं, तर मिलिसाव्हचा परवाना जाणार. मीच भाग पाडलं म्हटलं, तर चौघांसमोर केलेली दांडगाई कागदावर येणार. मिलिसाव्हनं तोंड उघडलं. तिनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"आमच्या घरात खोटं चालत नाही," रादोयका ताठ मानेनं म्हणाली. "बल्ब तेव्हाही हेच होते. तपासणाऱ्यानं बघितले आणि शिक्का मारला. आम्हा खेडवळांना काय कळतं?"

स्रेतेनला विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माझ्या नजरेतून सुटलं." कुमाचं नाव त्यानं घेतलं नाही. रांगेतल्या चौघांनीही तोंडं शिवली. स्रेतेनची नोकरी गेली आणि तो परदेशी, ग्राझला गेला, तिथं बसगाड्या धुतो. मिलिसाव्ह दंडावर सुटला. रादोयकानं जुने बल्ब स्वतः पुसून त्याच्या हातात दिले. लाव, असंही म्हणाली नाही.

डिसेंबरात संत निकोलाचा, त्यांच्या घराच्या रक्षक संताचा, सण आला. या सणाला कुणाला बोलवायचं नसतं, ज्यानं यायचं तो येतो. पाव कापला, वाइन ओतली, स्रेतेनची खुर्ची रिकामीच राहिली. शेवटी तिनं खोलीत जाऊन दार लावलं आणि फोन केला.

"कुमा? सगळं बरं ना?"

आठवडाभर घोकलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. "जुने बल्ब लावलेत आम्ही," ती म्हणाली.

"बरं केलंत."

"तू आला नाहीस."

"रजा नाही मिळाली, कुमा."

त्या दिवशी रविवार होता. आणि त्याच्यामागे, अगदी स्पष्ट, त्याची लहान मुलगी बाबाला खेळायला बोलावत होती.

"असू दे," रादोयका म्हणाली. "काम महत्त्वाचं."