दोऱ्याखालचं वांगं

सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत माणसं दाटली होती, कित्येकांच्या हातात रोपांचे डबे होते आणि सगळ्यांचे डोळे स्टेजवरच्या एका पत्र्याच्या डब्यावर खिळले होते. डब्यातल्या मातीवर मिठाचा पांढरा पापुद्रा होता. समुद्राचं पाणी विहिरींत शिरल्यापासून गावात साधं टोमॅटोचं रोप कुणाला जगवता आलं नव्हतं. या डब्यात मात्र टोमॅटो असे लगडले होते की फांद्यांना काठीचा टेकू द्यावा लागला होता. बुडाशी खोडाला एक दोरा गुंडाळलेला होता.

"मी काहीच करत नाही," डब्यामागे बसलेले गोडबाबा डोळे मिटून म्हणाले. "मातीच्या कानात फक्त सांगतो, बाई गं, गोड हो. ती होते. पण माझा दोरा जपा. दोऱ्यावर वाईट नजर पडता कामा नये. आणि दर पंधरवड्याला डब्यातलं रोप माझ्याकडे आणा, शेतातलं बघायला मी येतो. घरातलं पाप दोऱ्याखाली फुटतं. ते मी खुडतो."

पुढच्या रांगेत दोघीतिघींनी डोळे पुसले. पाप खुडायची एवढी सोपी सोय दुसरीकडे कुठे होती म्हणा.

शेवटच्या रांगेत कलमवाली बसली होती, मांडीवर गोणपाटाने झाकलेला डबा घेऊन. शेजारच्या गावात तिची रोपवाटिका होती. बाई तोंडाने फटकळ आणि हाताने पक्की. ती दर्शनाला आली नव्हती, सूड उगवायला आली होती आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती. शेजारी धाकटी बहीण खाली मान घालून बसली होती.

धाकटी याच गावात दिलेली. सासूने बाबाची रोपं आणली, धाकटीने ती शेतात लावली. शेजाऱ्यांची रोपं तरारली, हिच्या रोपांनी महिनाभरात माना टाकल्या. सासूने हौसेने डब्यात लावलेलं एक तेवढं वाचलं. सासू धावली बाबाकडे. बाबाने डोळे मिटले, उघडले आणि भर सभागृहात निकाल दिला, "सुनेचा हात खारट आहे. त्या हाताने घर नासेल." झालं. त्याच दुपारी धाकटीला बॅगेसकट बहिणीच्या दारात आणून सोडलं. नवरा रिक्षातून खालीसुद्धा उतरला नाही. हिची सावली पडली म्हणून तो वाचलेला डबाही तिच्याबरोबर धाडला.

बहिणीकडे येऊन धाकटी कशाला हात लावेना. पीठ मळायला सांगितलं तर म्हणायची, "ताई, मला नको सांगूस. माझ्या हाताने नासेल." जिच्या हाताचं बी कधी वाया गेलं नव्हतं, ती पोर स्वतःचे हात ओच्यात लपवून बसायची. ते बघून कलमवालीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका सकाळी तिने डबा खिडकीत घेतला आणि ब्लेडने दोरा कापला. आत सांधा होता. तिरका काप, त्यावर भरून आलेली गाठ. वर टोमॅटो आणि खाली रानवांग्याचा खुंट, जो खाऱ्या मातीत मजेत जगतो. फळझाडाचं कलम सगळ्या गावाला माहीत होतं, पण भाजीचं कलम कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. कलमवालीने तो काप लगेच ओळखला. तिनेच शिकवला होता, चिमट्याला. सांध्याला चिमटे लावायचं काम करायचा म्हणून चिमट्या. दोन वर्षं तिच्या टेबलावर काम शिकला आणि एके दिवशी रानवांग्याचं बी घेऊन पसार झाला. आता दाढी वाढवून मातीच्या कानात बोलत होता.

"रोप किती खोल लावलंस?" तिने धाकटीला विचारलं.

"आपली आई लावायची तसंच. टोमॅटो गळ्यापर्यंत पुरायचा, म्हणजे खोडाला जास्त मुळं फुटतात. शिवाय दोऱ्यावर नजर पडू नये म्हणून दोराही पुरला."

कलमवालीने ब्लेड खाली ठेवलं. चिमट्याला पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, सांध्याला माती लागू द्यायची नाही. लागली की वरचा टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो, खारं पाणी पितो आणि मरतो. बहुतेकांनी दोऱ्याला भिऊन रोपं वरवर लावली, ती जगली. ज्यांना लागवड येत होती त्यांचीच मेली. हे त्या हरामखोराला ठाऊक होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर पोरीचा संसार वाचला असता. पण ते सांगितलं की चमत्कार संपला.

तिने दोरा पुन्हा बांधला. दोऱ्याखाली एक फुटवा येऊ घातला होता. कुणी दुसरं असतं तर तो खुडला असता. तिने दोन महिने त्याला लाडाने वाढवलं.

आज सभागृहात ती उठली आणि थेट स्टेजवर गेली. चिमट्याने तिला पाहिलं आणि त्याचा हात दाढीकडे गेला.

"बाबा, आमचं पाप जरा जास्तच फुटलंय," ती म्हणाली आणि गोणपाट काढलं.

दोऱ्याच्या वर लाल टोमॅटो होते. दोऱ्याच्या खाली काटेरी पानं होती आणि त्यांत छोटी छोटी वांगी लटकत होती.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पापाला वांगी लागतात होय?"

आणि हसू फुटलं.

"हे परीक्षेचं फळ आहे," बाबा घाईने म्हणाले. "संशयी घरात माती..."

"माती राहू दे, चिमट्या. मातीच्या कानात मग बोल." तिने पिशवीतून दोन कोवळी रोपं आणि ब्लेड काढलं. रानवांग्याच्या रोपाचा शेंडा उडवला, टोमॅटोच्या रोपाची मुळं. तिरका काप, त्यावर तिरका काप, वर चिमटा. तो झाकायला बाबाच्याच पेटीतला दोरा गुंडाळला. "झालं. आठवडाभर सावलीत ठेवा. मंत्र येत नसला तरी चालतं. आवडत असेल तर म्हणा."

मग तिने धाकटीच्या शेतातून उकरून आणलेलं वाळकं रोप वर धरलं. दोऱ्याच्या वर, जिथे मुळं असायला नकोत, तिथे बारीक मुळांचा झुपका होता. "आता तू बोल. हे का मेलं?"

"ताई, घरी बसून बोलू की आपण..."

"माझी बहीण घरात बसून बदनाम नाही झाली. इथे झाली. इथेच बोल. नाहीतर या सभागृहातला एकेक दोरा मी कापते."

चिमट्याने दाराकडे पाहिलं. दारातही माणसं उभी होती आणि ती आता हात जोडून उभी नव्हती.

"खोल लावलं," तो पुटपुटला. "म्हणून मेलं."

"तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"हात खारट आहे तिचा?"

"नाही."

"मोठ्याने."

तो मोठ्याने म्हणाला. कलमवालीने त्याला तीनदा म्हणायला लावलं. एकदा पुरलं असतं, पण तिला पुरलं नाही. मग तिने त्याला पुढे घातलं. ज्या ज्या घरची रोपं मेली होती, त्या प्रत्येक दारात 'खोल लावलं म्हणून मेलं, हाताचा दोष नाही' असं बोलायला लावलं. मागून अख्खं गाव चालत होतं. दोनतीन दारांत तो रडला. तिला दया आली नाही.

धाकटीच्या सासरच्या दारात पोचल्यावर सासूने पदराने डोळे टिपले. "चल बाई घरात. चुकलंच आमचं. बाबाने फसवलं आम्हाला."

धाकटी उंबऱ्याबाहेरच थांबली. किती दिवसांनी तिने दोन्ही हात उघडे सोडले होते.

"आई, बाबाने फसवलं हे खरं," ती म्हणाली. "पण रोपं वाळली तेव्हा तुम्ही गावाच्या त्या टोकाला जाऊन त्याला विचारलंत. मी तर स्वयंपाकघरात होते. कसं लावलंस गं, एवढं मला कुणी विचारलं नाही."

नवरा दाराआडून उंबऱ्यापर्यंत आला.

"झाड वाळलं तर आधी माती उकरून मुळं बघा. मग ज्याने लावलं त्याला विचारा," धाकटी म्हणाली. "मी ताईकडे आहे. विचारायचं असेल तर तिथे या."

तिने बहिणीच्या हातातला डबा घेतला आणि दोघी निघाल्या.