बटणांच्या डब्यातले स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी निळी व्हॅन आहे. निळी म्हणते खरी, पण निम्मा रंग आता गंजाने खाल्ला आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा लोक माझ्या काचेत बघून केस विंचरत! एका शिंप्याने मला घरी आणले. अठरा वर्षे मी त्याचे कापडाचे तागे आणि शिवलेले कोट वाहिले.

पुढे शिंप्याने दुकान बंद केले आणि माझी चावी त्याच्या मुलीकडे आली. काम एकच उरले, तिच्या आईला आठवड्यातून दोनदा इस्पितळात नेणे. आईची छाती नाजूक. जरा गारवा लागला की खोकल्याची उबळ थांबत नसे.

आणि ऐन थंडीत माझा हीटर कोअर गळू लागला. डॅशबोर्डच्या मागे वहीएवढी एक जाळी असते. तिच्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरते आणि आत बसलेल्यांना ऊब मिळते. गोडसर वास सुटला, पायाखालची चटई ओली झाली, समोरची काच आतून धुरकटली. मला बोलता कुठे येते? मुलगी दर वळणावर काच पुसायची. आई घोंगडी लपेटून म्हणायची, "मला नाही गं थंडी वाजत." ती थरथरत होती, ते मला सीटमधून कळत होते.

मेकॅनिकने मान हलवली. "अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. कशाला डोक्याला ताप? भंगारात द्या."



"मग आईला न्यायचं कशातून?" मुलगी म्हणाली. तिने नवा कोअर मागवला आणि शनिवारी घराच्या दारातच काम काढले. इंजिन थंड असताना पाणी काढले, नळ्या सोडवल्या. डॅशबोर्डचा एकेक स्क्रू काढून ती बाबांच्या हातात देत होती. दुपार कलेपर्यंत नवा कोअर जागेवर बसला. मग तिने स्क्रू मागितले आणि डोक्यालाच हात लावला.

जन्मभराची सवय हो! शिंप्याने सगळे स्क्रू बटणांच्या डब्यात मापाप्रमाणे लावून ठेवले होते. छोटे एका कप्प्यात, मोठे दुसऱ्यात, अगदी देखणे.

"बाबा, कुठला कुठून काढला ते लक्षात ठेवायचं होतं! कोअरच्या वरच्या भोकात लांब स्क्रू गेला तर नवी जाळी फुटेल. दुसरी यायला पुन्हा पंधरवडा लागेल. सोमवारी इस्पितळात जायचंय, आईला काय सांगू?"

बिचारा पार ओशाळला. पण रविवारी सकाळी तो बोथट दाभण आणि खडू घेऊन हजर. "काजाचं माप बघितल्याशिवाय बटण लावलंय का मी कधी? सरक बघू."

तो प्रत्येक भोकात दाभण अलगद घाले, भोक जेवढे खोल तिथे दाभणावर खडूने खूण करी आणि मग तेवढाच स्क्रू निवडी. सदतीस भोके! मुलगी आधी फणफणत होती, नंतर स्वतःच टॉर्च धरून बसली. मित्रांनो, इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडू?

सोमवारी आई आत बसली. मी जीव लावून ऊब सोडली. थोड्या वेळाने तिने घोंगडी बाजूला केली, कोटाचे वरचे बटण काढले.

"अहो," ती मागे बसलेल्या शिंप्याला म्हणाली, "आता खरं सांगते. गेले तीन आठवडे मी गारठून गेले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ही गाडी विकून टाकली असती ना."

मित्रांनो, तेव्हा मला कळले की मला वाचवायला आणखी एक जण झटत होते. तुमच्या घरातही असे न बोलता सोसणारे कोणीतरी असेल, गाडी असेल नाहीतर माणूस. वास येईपर्यंत, काच धुरकटेपर्यंत थांबू नका. आजच जवळ जाऊन विचारा, "थंडी वाजतेय का?" आणि पहिल्या "नाही"वर विश्वास ठेवू नका.