दहा बाय दहाचा चौकोन

आधी मोजायचं, मग कापायचं, हा काकूंचा धर्म. चाळीस वर्षं त्या एका मोठ्या दुकानासाठी घरी बसून कोट बेतत होत्या, आणि एवढ्या वर्षांत कात्री एकदाही चुकीच्या जागी पडली नव्हती. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे विसरायची सोय कुणालाच नव्हती.

त्यांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला तेव्हा लेकीने त्यावर ओपन सोर्सवाली सिस्टीम घातली. "आई, ही कुणा एकाच्या मालकीची नाही. जुन्या मशीनवरही पळते."

काकूंनी कुरकुर करायची ती केलीच. भरतकामाचा लाडका प्रोग्राम नव्या घरात नांदायला तयार होईना. नवं सर्च इंजिन तर अगदीच परकं. बटणांचं दुकान विचारलं, तर त्याने समुद्रापलीकडचं दाखवलं. गल्लीच्या टोकाचं त्याला ठाऊकच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा! पण आधीच्या इंजिनावर सासूबाईंसाठी एकदा काठी शोधली होती, तर पुढे सहा महिने पडद्यावर काठ्याच काठ्या. सासूबाई बऱ्या होऊन तुरुतुरु चालायला लागल्या, तरी काठ्या हटेनात. हे नवं बापडं सगळं विसरून जायचं. म्हणून काकूंनी एक वही केली, आणि काय शोधल्यावर काय सापडलं ते तीत लिहायला लागल्या.

मग वाद्यवृंदाच्या बावीस कोटांचं काम आलं. कापड अगदी मोजून दिलेलं, वर वीतभरही नाही, आणि त्या रंगाचं पुन्हा मिळणार नव्हतं. एक कोट बिघडला की एक वादक कोटाविना, आणि काकूंची चाळीस वर्षं पाण्यात.

लेकीने नव्या प्रोग्रामात कोटाचा पॅटर्न आखला आणि कागदांवर छापला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटर बाय दहाचा एक चौकोन असतो. शितावरून भाताची परीक्षा, तशी त्यावरून छपाईची. काकूंनी गळ्यातली टेप काढून लावली. रुंदी दहा. उंची तीन मिलिमीटर कमी.

"तीनच ना?" लेक म्हणाली.

"इथे तीन. कोटाच्या लांबीत दोन सेंटिमीटरच्या वर. मुंढा वर चढेल. व्हायोलिनवाला हात उचलेल आणि काखेत उसवेल, भर कार्यक्रमात."

लेकीचा चेहरा उतरला. "जुनंच परत घालू का सगळं?"

"थांब गं. आधी चोर पकडू."

त्याच कॉम्प्युटरवरून, त्याच प्रिंटरवर, दुसऱ्या प्रोग्राममधून साधा चौकोन छापला. तो चोख आला. म्हणजे खोट पॅटर्नच्या प्रोग्रामात. तो लिहिणारी माणसं जगभर विखुरलेली, आपापली नोकरी सांभाळून हौसेने राबणारी. लेकीने त्यांच्या चर्चेच्या पानावर तक्रार टाकली. दुपारी एकाचं उत्तर आलं: आमच्याकडे बरोबर छापतं, तुमची टेप तपासून पाहा.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी टेप? लिही त्याला, टेप ताणून ताणून लांबते म्हणून दर वर्षी नवी घेते मी. आणि टेपच खोटी असती, तर रुंदीलाही खोटं बोलली असती!"

नुसतं बोलून त्या थांबल्या नाहीत. लहानमोठ्या पॅटर्नचे एकतीस कागद छापून घेतले, प्रत्येक रुंदीला नि उंचीला मोजला आणि वहीत लिहिला. चोर सापडला. पॅटर्न एका कागदावर मावला तर चोख. एकाहून जास्त कागद लागले, की प्रत्येकाची उंची आक्रसायची. लेकीने वहीच्या पानाचा फोटो पाठवून दिला.

उत्तराची वाट पाहायला सवड नव्हती. काकूंनी छापलेले कागद टेबलावर पसरले, हातात खडू घेतला आणि एकेक रेघ टेप लावून तिच्या जागी नेली. मग बावीस कोट कापले. शिवून झाल्यावर घालून बघायच्या दिवशी व्हायोलिनवाल्याने हात पार वर नेला. मुंढा जागचा हलला नाही. कोटांच्या गळ्याला लेबल मात्र दुकानाचं लागलं, चाळीस वर्षं लागत आलं तसं. काकूंना त्याचं काही वाटत नसे. निदान त्या तसं म्हणत.

दोन आठवड्यांनी त्याच माणसाचं पत्र आलं. लेकीने मोठ्याने वाचलं. "मी एकाच कागदावर तपासलं होतं. चूक आमची, तुमची टेप बरोबर. माफ करा. प्रोग्राम दुरुस्त केलाय. ज्यांनी हातभार लावला त्यांच्या यादीत तुमचं नाव काय लिहू?"

काकूंनी गळ्यातली टेप सारखी केली. मग म्हणाल्या, "नावाने मला ओळखतं कोण? कटिंगवाल्या काकू, असं लिहायला सांग."

नवी आवृत्ती आली. लेकीने यादी उघडली, आणि कधी न ऐकलेल्या नावांच्या गर्दीत ते दोन शब्द दिसले, आपल्या लिपीत. काकू पडद्याजवळ सरकल्या.

"हे कोण कोण बघणार?"

"हा प्रोग्राम वापरणारा कुणीही, आई. कुठलाही."

काकूंनी डोळे पुसले आणि गळ्यातली टेप काढली. "आधी पॅटर्न छाप. चार कागदांचा."

कागद बाहेर आले. काकूंनी प्रत्येकावरच्या चौकोनाला टेप लावली, रुंदीला, मग उंचीला, मग पुन्हा उंचीला. दहा बाय दहा.

"हां," त्या म्हणाल्या. "आता राहू दे माझं नाव."